डावा हात राहिला

२०२३ साल होतं अन् मला अडुसष्टावं लागलं होतं. शाळा माझी चौथीपर्यंत. झाडं कापायचं काम मात्र चाळीस वर्षं केलं. आधी कुऱ्हाडीनं अन् करवतीनं, अन् मागची दहा-बारा वर्षं पेट्रोलच्या मशीननं. शेंदूरजनाघाटच्या आजूबाजूला सगळ्या संत्र्याच्या बागा. झाड म्हातारं झालं, डिंक सुटून वाळलं, की मालक जुनी बाग काढतो अन् नवी लावतो. ती काढायला मला बोलावत. त्या मशीनला आमच्याकडे कटर म्हणतात. गावात पहिलं कटर मीच आणलं, म्हणून लोक मला उस्ताद म्हणत, अन् ते मला आवडायचं. खोटं कशाला सांगू.

त्या साली माझा डावा हात मनगटाच्या वरून काढायची वेळ आली होती. तो राहिला. कोणाकोणामुळे राहिला ते सांगायचं आहे. ती वेळ कोणामुळे आली तेही सांगायचं आहे. हे दुसरं सांगायला जड जाते, म्हणून तेच आधी उरकतो.

धागा

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. कुऱ्हाड, विळे, फावडं, वखराची पास अन् कटर, सगळं धुऊन-पुसून ओट्यावर मांडतो. माझी बायको कमला, मी तिला बुढीच म्हणतो, सगळ्यांना हळद-कुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते अन् एकेकाला लाल नाडा बांधते. तो नाडा मग कोणी सोडत नाही. झिजून आपोआप पडला तर पडला.

कटर दोन्ही हातांनी धरायचं असते. मागचं हँडल उजव्या हातात, पुढचं डाव्या हातात. पुढच्या हँडलच्या समोर एक आडवी दांडी असते. ती दांडी म्हणजे ब्रेक. मशीन उसळून अंगावर आली तर डाव्या हाताची पाठ त्या दांडीला लागते, दांडी पुढे ढकलली जाते अन् चेन जागच्या जागी थांबते. मशीन घेतली तेव्हा अकोल्याच्या दुकानदारानं मला हे तीनदा करून दाखवलं होतं. मी मान हलवली अन् मनात म्हटलं, हे नवशिक्यांसाठी.

मला त्या दांडीचा राग होता. दाट बागेत एखादी फांदी लागली की ती खट्टकन पुढे जायची, चेन थांबायची, मग दांडी मागे ओढा, पुन्हा सुरू करा. दिवसातून वीस वेळा. त्या दसऱ्याला बुढी हँडलला नाडा गुंडाळत होती, तेव्हा मी म्हटलं, "दांडीसकट बांध."

"काहून? दरसाली तं नुसत्या हँडललेच बांधतो."

"बांध म्हटलं ना. पाच येढे दे अन् घट्ट गाठ मार."

तिनं पाच वेढे दिले. गाठ मी स्वतः ओढून पाहिली. दांडी हँडलला चिकटून बसली होती, तसूभर हलत नव्हती. मला बरं वाटलं.

सुखदेव वीस वर्षांपासून माझा जोडीदार. दोर धरायचा, फांद्या ओढायच्या, खोड कोणत्या अंगाला झुकते ते पाहायचं, हे त्याचं काम. दसऱ्याला तो दरवर्षी नागपूरला जातो, त्यामुळे बांधताना तो नव्हता. तिसऱ्या दिवशी कामावर आला अन् त्याची नजर आधी तिथंच गेली.

"पुंडलिकभाऊ, दांडी काहून बांधली?"

"पूजेचा नाडा हाय."

"पूजेचा हाय ते दिसते मले. पण बिरेक लागन कसा?"

"चाळीस वर्षं झाली या कामात. तू मले शिकवून राहिला?"

तो दोर उचलून झाडाकडे गेला. दुसऱ्याच्या देवाच्या वस्तूला सुखदेव हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बुढी पूजेचा धागा सोडणार नाही. माझा पोरगा विजय पंचायतीत कारकून आहे, त्याला मशीनमधलं काही कळत नाही. म्हणजे मला टोकणारं कोणीच उरलं नव्हतं, अन् ते मी ठरवून केलं होतं. देवाला मी या कामात पुढे केलं. लिहिताना आजही लाज वाटते.

बाग

पंधरा-वीस दिवसांनी, दिवाळीच्या आधी, आम्ही एक पंचवीस वर्षांची बाग काढत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. संत्र्याची फांदी दिसायला बारीक, पण वाळली की लोखंडासारखी होते, अन् एकीत एक गुंतलेली असते. मी खालची एक फांदी कापत होतो. ज्या लोखंडी पट्टीवर चेन फिरते तिचं टोक पलीकडच्या एका खुंटाला लागलं. तो खुंट मला दिसत नव्हता.

टोक लाकडाला लागलं की मशीन उसळते, हे कटर धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. माझी आधीही दोनदा उसळली होती. दोन्ही वेळा दांडीनं वाचवलं अन् मी ते माझ्या मनगटाच्या ताकदीच्या नावावर घातलं होतं.

मशीन सरळ तोंडाकडे आली. मी मान बाजूला फेकली. डावा हात हँडलवरून सुटला, कारण अंगठा हँडलखालून घालून मूठ आवळायची सवय मी कधी लावून घेतली नव्हती, अंगठा वरच ठेवायचो. चालती चेन मनगटाच्या चार बोटं वर हाताच्या पाठीवर पडली.

दुखलं नाही. कोणी काठी मारल्यासारखं वाटलं फक्त. मग पाहिलं तर पंजा खाली लोंबत होता. मी बोटांना मनातल्या मनात वर व्हा म्हणत होतो अन् ती ऐकत नव्हती. रक्तापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. स्वतःचीच बोटं, अन् ओळख नसल्यासारखी.

सुखदेवनं आधी मशीन बंद केली. मग खांद्यावरचा दुपट्टा घडी करून जखमेवर ठेवला, दोन्ही हातांनी दाबला अन् माझा हात डोक्याच्या वर धरला.

"खाली बस. माह्याकडे पाह्य. हाताकडे पाहू नोको."

बागेचा मालक म्हणाला, "थांबा, घरून हयद आणतो, भरून टाकू."

"हयद नोको," सुखदेव म्हणाला. "गाडी आणा."

माझ्या हातावरचा पहिला उपकार हा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, हळद, राख, चहापत्ती असलं काही न भरता नुसतं दाबून धरलं, म्हणून त्यांना काम करायला काही तरी उरलं. वरुडच्या दवाखान्यात पट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं अन् लगेच अमरावतीला पाठवलं. रस्ताभर सुखदेवनं माझा हात वर धरून ठेवला होता. अमरावतीला स्ट्रेचरवर टाकताना मी सोड म्हटलं, तर त्याची बोटंच उघडेनात, इतकी आखडली होती.

दोन बातम्या

अमरावतीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मॅडम, माझ्या लताच्या वयाच्या. लता माझी मुलगी, अकोल्याला दिलेली. एवढीशी पोरगी माझा हात शिवणार, हे मला पटलं नाही. मी विजयला म्हटलं, मोठ्या डॉक्टरले बोलाव. मॅडमनी ऐकलं अन् हसल्या. "काका, या मजल्यावर सगळ्यात मोठी मीच आहे."

मग त्यांनी विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

"मले शुगर नाई."

"आहे. चारशेच्या वर आहे."

"तुमची मशीन खराब असन."

त्यांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा तपासली. तेवढीच निघाली. दोन वर्षांपासून माझे पाय जळायचे, तहान भागायची नाही, कामावरून चार-चार वेळा बाजूला जावं लागायचं. बुढी म्हणायची, एकदा तपासून या. मी म्हणायचो, चालत्या-फिरत्या माणसाचं काय तपासायचं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. बोटं वर उचलणाऱ्या दोऱ्या हाताच्या पाठीवरून जातात, त्या तुटल्या होत्या. मला ते बैलाच्या कासऱ्यासारखं समजलं. कासरे तुटल्यावर बैल कसा ऐकणार. मॅडमनी ते जोडले. मी समजलो, संपलं. आठ दिवसांत घरी.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मलाच वास आला. सिस्टरनं मॅडमला बोलावलं. मॅडमनी पाहिलं, खुर्ची ओढली अन् माझ्या खाटेजवळ बसल्या. डॉक्टर उभं राहून बोलतात तेव्हा काळजी नसते, बसले की समजून घ्यावं.

"काका, जखमेत भुसा आणि ऑइल खोल गेलं होतं. त्यात शुगर इतकी. जखम काळी पडायला लागली आहे. आपण अजून दोनदा आतून साफ करू आणि पाच दिवस बघू. लाल मांस दिसलं तर हात तुमचा. नाही दिसलं, तर मनगटाच्या वरून काढावा लागेल. नाही काढला तर विष अंगात चढेल. त्यासाठी तुमची सही आधी लागेल."

विजय खाली फरशीवरच बसला.

"सही देनार नाई," मी म्हटलं.

मॅडम गेल्यावर विजय समजवायला लागला. "बाबा, हात गेला तं चालन. तुमी पायजे."

"तुले चालन. हात तुहा हाय का?"

त्याचं तोंड उतरलं. पोरगा चार दिवस घरी गेला नव्हता, त्याच शर्टावर होता. ते मला दिसत होतं अन् तरी मी बोललो.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो. सकाळी सहाला सिस्टर बोटाला टोचून शुगर पाहते, मग पोटाला इंजेक्शन. मग झाडू-पोछा, मग बिनसाखरेचा चहा. त्या चहानं मला पहिल्या दिवशी रडू आलं, हाताच्या दुखण्यानं आलं नव्हतं. नऊला डॉक्टर, अकराला पट्टी. पट्टीच्या आधी तासभर मी कोणाशी बोलायचो नाही. हे ज्यांना भोगायचं आहे त्यांना सांगतो, भीती वाटते ती सिस्टरला सांगून टाका. मी सांगत नव्हतो तोवर ती घाईनं ओढायची. सांगितल्यावर आधी पाणी टाकून पट्टी भिजवायला लागली. इतकं सोपं होतं.

सून रेखा अमरावतीतच ओळखीच्यांकडे उतरली होती, तिथून सकाळी डबा आणायची. आमच्या घरी सून माझ्यासमोर फार बोलत नसे. इथं तिनं मला तोंड धुऊन दिलं, भाकरीचा घास मोडून दिला. मी म्हटलं, राहू दे, मी खातो. ती म्हणाली, "मामाजी, डाव्या हातानं ताट कोन धरन? खा मुकाट्यानं." मुकाट्यानं खाल्लं.

बाजूच्या खाटेवर अंजनगाव सुर्जीचे गणपतराव होते, पानमळा असलेले. शुगरनं त्यांच्या पायाची दोन बोटं काढली होती. मी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाले, "काई नाई, आता चपलेत हवा खेयते." त्यांच्यामुळे मला त्या वॉर्डात हसू आलं. भाताला हात लावायचा नाही, पाय रोज आरशात पाहायचे, हे मला त्यांनीच शिकवलं. डॉक्टरचं ऐकायला मला कमीपणा वाटायचा, पानमळ्यावाल्याचं ऐकायला वाटत नव्हता.

सगळ्यात वाईट होतं ते बुढीचं. ती खाटेच्या पायथ्याशी बसून राहायची. एक वेळच जेवत होती. चौथ्या की पाचव्या दिवशी मला समजलं की ती उपास करते आहे.

"माह्यानंच पूजेत काईतरी चुकलं असन," ती म्हणाली. "तुमी म्हणत होते तसे येढे दिले का नाई, मले आठोतच नाई आता."

तिला वाटत होतं वेढे कमी पडले. विजयला वाटत होतं मशीनचा ब्रेक खराब होता, तो दुकानदारावर केस करायची भाषा करत होता. मी दोघांचं ऐकून भिंतीकडे तोंड करायचो. खरं तिसऱ्याला माहीत होतं. सुखदेव एक दिवसाआड बसनं यायचा अन् फरशीकडे पाहत बसायचा. एकदा आम्ही दोघंच होतो.

"मी तोडाले पायजे होता तो धागा," तो म्हणाला.

"तोडला असता तं मी तुले काय बोललो असतो, माहीत हाय ना?"

"माहीत हाय. तरी तोडाले पायजे होता. बोलून घेतलं असतं तुहं."



सही

दोन्ही सफाया झाल्या. आता उद्या मॅडम पट्टी उघडून सांगणार होत्या, अन् माझी सही अजून झालेली नव्हती. दुपारी जेवणं झाल्यावर गणपतराव म्हणाले, "पुंडलिकराव, सही म्हनजे हात कापा म्हननं नाई. ते डाक्टरचे हात मोकये करनं हाय. उद्या काई कमी-जास्त झालं तं ती बाई काय तुह्या पोराले शोधत फिरन? तू तिले बांधून ठेवतं, अन् वरून म्हनतं वाचव."

ते सहज बोलले. त्यांना दांडीचं काही माहीत नव्हतं. मला मात्र ती दांडीच आठवली. जे मला वाचवायला होतं ते मी एकदा बांधून ठेवलं होतं, अन् आता दुसऱ्यांदा तेच करत होतो.

मी विजयला कागद आणायला लावला. उजव्या हातानं सही केली. चौथीतलीच सही आहे माझी, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मग विजयला थांब म्हटलं, बुढीला जवळ बोलावलं. सुखदेवही होता. रेखा डबा धुऊन आली होती.

"दुकानदारावर काई केस करू नोको," मी म्हटलं. "बिरेक चांगला होता. मी बांधला होता. हिले मीच म्हटलं दांडीसकट बांध, कारन ती मधीमधी लागे. पूजेचा धागा कोनी सोडनार नाई म्हनून मुद्दाम म्हटलं. सुखदेवनं टोकलं होतं, त्याले गप्प केलं. हिच्या पूजेत काई चुकलं नाई."

बुढीनं पदर सावरला. ती म्हणाली, "म्हनजे मी इतके दिवस उपाशी राहून देवाची माफी मागून राहिली, अन् देव म्हनत असन, ही बाई कायची माफी मागते?"

अन् ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली. रेखा मागे गेली. गणपतरावांनी चादर डोक्यावरून ओढली, झोप आल्यासारखी.

बुढी संध्याकाळी आली ती जेवून आली. त्याचं मला समाधान वाटलं. माझ्याशी मात्र बोलणं बंद. "रेखा, तुह्या सासऱ्याले म्हना गोयी घ्या." मी चार हातांवर, अन् निरोप सुनेच्या हाती. मीही म्हणायचो, "रेखा, सांग, घेतली." बिचारी रेखा दोन्हीकडे मान फिरवायची.

लाल

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम स्वतः आल्या. सगळे बाहेर काढले, बुढी दारात उभी राहिली, ती हटली नाही. सिस्टरनं पाणी टाकून पट्टी भिजवली. मी वरच्या पंख्याकडे पाहत होतो. शेवटचा कापूस निघाला तेव्हा जोरात कळ आली अन् मी दात आवळले.

"दुखलं?"

"हो."

"रक्त आलं काका. दुखलं पण आणि रक्तही आलं. बघा तुम्हीच."

मी पाहिलं. कालपर्यंत काळं-पिवळं होतं तिथे डाळिंब फोडल्यासारखं लाल होतं. जिवंत मांस. चाळीस वर्षं अंगावर खरचटलं तरी मी शिव्या द्यायचो, त्या दिवशी स्वतःचं रक्त पाहून हात जोडावेसे वाटले. एकच हात मोकळा होता, तो कपाळाला लावला.

दारातून बुढीनं विचारलं, "राहिला का, बाई?"

"राहिला, मावशी."

बुढी भिंतीकडे फिरली. खांदे हलत होते तिचे. मग डोळे पुसून रेखाला म्हणाली, "आता तरी डाक्टरचं आयकत जा म्हना मामाजीले."

मॅडमना मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी तुमाले लहान समजलो, माफ करा. त्या म्हणाल्या, "रोज कोणीतरी समजतं, काका. सवय आहे." एवढं बोलून पुढच्या खाटेवर गेल्या.

अकोला

मांडीची कातडी काढून हातावर लावली. बरेच दिवस हात पट्टीत अन् फळीत बांधलेला होता. सुटी झाल्यावर बोटांच्या व्यायामासाठी अकोल्याला लताकडे राहायचं ठरलं. बसमध्ये बुढी माझ्या बाजूला बसली. बडनेरा सुटल्यावर ती म्हणाली, "सरका तिकडे जराक." सहीच्या दिवसानंतर ती मला थेट बोललेली पहिली गोष्ट ती. मी लगेच सरकलो. खिडकीला अंग चिकटेपर्यंत सरकलो.

लता लहानपणी माझ्या धाकात वाढली, आता मी तिच्या धाकात होतो. सकाळ-संध्याकाळ ऑटोनं व्यायामाच्या दवाखान्यात, अन् मधल्या वेळात घरी. तिनं एका ताटात मूग सांडायचे अन् डाव्या हातानं एकेक उचलून वाटीत टाकायला लावायचं. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मी काढायचे अन् मीच लावायचे. पहिले पंधरा दिवस एक मूग उचलला जात नव्हता. मी ताट ढकललं तर लता म्हणाली, "बाबा, तुमी मले दुसरीत पाढ्यासाठी उन्हात उभं केलं होतं. आठोते का?" मला आठवत होतं. ताट पुन्हा ओढून घेतलं. महिन्याभरानं वाटी अर्धी भरली, त्या दिवशी तिनं त्याच मुगाची उसळ केली.

ज्यांना असं काही झालं असेल त्यांना माझं सांगणं, व्यायाम दुखतो अन् कंटाळवाणा असतो, पण ऑपरेशन जितकं कामाचं तितकाच तोही. टाके डॉक्टर घालते, बोटं तुम्हालाच हलवायची असतात. अन् शुगर तपासा. हात कापायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

कटर चालवणाऱ्यांना वेगळं सांगतो. अंगठा हँडलखालून घ्या. पट्टीच्या टोकानं कापू नका, अन् टोक कुठे जाते ते दिसत नसेल तर आधी पुढचा गुंता साफ करा. चेन बोथट झाली की आपण जोर लावतो अन् जोर लावला की ताबा जातो, म्हणून कानस रोज मारा. ढिली चेन चालवू नका. दुपट्टा गळ्यात नको. रोज पहिल्या झाडाच्या आधी ब्रेक लावून पाहा, चेन थांबते का ते. पूजा जरूर करा, नाडा मागच्या बाजूला, जिथे काही हलत नाही तिथे बांधा. देवाची काही हरकत नसते. मी बुढीला विचारूनच हे लिहितो.

शेवटची तपासणी

उन्हाळा लागता लागता अमरावतीला शेवटचं दाखवायला गेलो. मॅडमनी माझ्या हातात त्यांची दोन बोटं दिली, दाबा म्हणाल्या. मी दाबली. सगळी मूठ मिटत होती, दोन बोटं थोडी अर्धवट राहत होती.

"छान आहे. हात तुमचा, काका."

"कटर चालवता येईन का?"

त्यांनी थोडा विचार केला. "हलकी कामं सगळी करा. पण उसळलेली मशीन धरायला ही पकड पुरणार नाही. मी हो म्हणणार नाही."

पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, तुमाले काय कटरमधलं समजते. मी "बरं" म्हटलं. विजय माझ्याकडे पाहतच राहिला.

घरी आलो तर सुखदेव ओट्यावर बसलेला. त्याला म्हटलं, मशीन तू घेऊन जा, माह्यानं आता होत नाई.

"मले चालवता येते," तो म्हणाला. "पन तू लावून दिल्याशिवाय मी हात लावत नाई. सकायी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन ओट्यावर आणली. दांडीवरचा नाडा बुढीनं आधीच सोडून मागच्या बाजूला बांधला होता. पट्टी डाव्या हातानं धरली अन् उजव्या हातानं कानस मारायला बसलो. प्रत्येक दात तीनदा घासला, आधी सगळे एका बाजूनं, मग पट्टी फिरवून दुसऱ्या बाजूनं. बोटं थरथरत होती, पट्टी सुटली नाही. चेनचा ताण पाहिला, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून टाकलं. सुखदेव आला. त्यानं मशीन जमिनीवर ठेवून पाय दिला, रस्सी ओढली अन् मग उचलून दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याचा अंगठा हँडलखाली आहे का ते मी वाकून पाहिलं. त्यानं चेन फिरवली. मी त्याच्या बाजूला उभा राहिलो अन् माझ्या डाव्या हाताची पाठ, जिथे मांडीची कातडी आहे ती, दांडीला टेकवून पुढे ढकलली. खट्ट झालं अन् चेन थांबली.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यानं दांडी मागे ओढली, चेन फिरवली. मी पुन्हा ढकलली. चेन पुन्हा थांबली. पाच वेळा केलं. मग सुखदेव मशीन खांद्यावर टाकून बागेकडे गेला अन् मी डाव्या हातानं ओट्यावरचा लोखंडाचा कीस गोळा करायला लागलो.